पिल्लू पक्ष्यावर झडप घालतं, थांबतच नाही? आधी पक्षी तपासा

लक्षण ओळखीचं असेल. पिल्लाला वास लागतो, शेपूट ताठ होते, पुढचा एक पाय वर उचलला जातो. आपण श्वास धरून उभे. एक, दोन, आणि तीन म्हणायच्या आत पोट जमिनीला लावून चार पावलं पुढे, मग झेप. कोंबडी बोंबलतेय, पिसं उडतायत, आपण शिव्या देत आगरातून धावतोय. दुसऱ्या दिवशी परत तेच. दोरी लावा, ओरडा, उपाशी ठेवा (हा सल्ला मला खरंच मिळाला होता), तिसऱ्या दिवशीही तेच.

माझ्याकडे सध्या पॉइंटर जातीची मादी आहे. वय चौदा महिने, नाव झिप्री. अंगावरचे केस नखभर, तरी नाव झिप्रीच, कारण ते आईने ठेवलं आणि आईने ठेवलेलं नाव आमच्याकडे बदलत नाहीत. तिच्याआधी एक कॉकर स्पॅनियल आणि एक लॅब्रॅडॉर होऊन गेले. तिघंही चार ते नऊ महिन्यांच्या वयात पक्ष्यापाशी बिघडले, प्रत्येक जण वेगळ्या तऱ्हेने. पहिल्या दोघांच्या वेळी मी कुत्र्यात खोट शोधत बसलो. झिप्रीच्या वेळी उशिरा का होईना ध्यानात आलं की खोट डालग्याखाली (कोंबडी झाकायच्या टोपलीखाली) बसलेली असते. पक्षीच चुकीचा निवडलेला असतो.

आधी एक सांगून टाकतो, नाहीतर पहिला प्रश्न तोच येणार. वेंगुर्ल्याच्या अलीकडे राहून पक्षी शोधणारं कुत्रं कशाला पाहिजे? शिकारीसाठी अजिबात नाही. आमच्याकडे चाळीसेक गावठी कोंबड्या आहेत, सगळ्या मोकळ्या. त्यातल्या निम्म्या खुराड्यात अंडी घालायचं नाव घेत नाहीत. गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) पलीकडे करवंदीच्या जाळीत, पाचोळ्याच्या ढिगात, मांगरामागे रचलेल्या नारळाच्या सोडणांत चोरून घालतात आणि तिथेच खुडूक होऊन बसतात. संध्याकाळी मोजणीत एक कमी. रात्री रानमांजर काम उरकून जातं. वासावरून कोंबडी शोधेल, तिच्यापुढे दगडासारखं उभं राहील आणि तिला हात, म्हणजे तोंड, लावणार नाही असं कुत्रं असेल तर महिन्याला तीन-चार कोंबड्या वाचतात. पॉइंटरच्या रक्तात नेमकी हीच गोष्ट असते. मागावर जाऊन झेप घेण्याआधी बरेच शिकारी प्राणी क्षणभर थबकतात. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तो क्षण लांबवला, त्यातून हे कुत्रं तयार झालं. आपलं काम तो क्षण तुटू न देण्याचं.

झिप्रीचा क्षण मी स्वतःच्या हाताने तोडला. कसा, ते सांगतो.

सातव्या महिन्यात सुरुवात करायची ठरवली, तेव्हा हाताशी होती गिरिराज कोंबडी. साडेतीन किलोची, शांत, उचलली तरी ओरडत नाही. म्हटलं, पिल्लू घाबरणार नाही, कोंबडीही बिथरणार नाही. गवतात सोडली आणि झिप्रीला वाऱ्याच्या खालच्या अंगाने आणलं. पॉइंट (वास लागल्यावर असं ताठ, न हलता उभं राहणं) असा धरलान की फोटो काढावा. मी खिशातला मोबाईल काढेपर्यंत ती पुढे सरकली होती. गिरिराज उठली, दोन पावलं डुलत चालली आणि खाली बसली. झिप्रीने अलगद पाठीवरून धरली. कोंबडीला इजा झाली नाही, चार पिसं गेली एवढंच. मीही हसलो. तिथे चुकलो.

आठवड्याने पुन्हा तीच कोंबडी, पुन्हा तेच. मग मात्र ती कुठल्याही कोंबडीपुढे थांबेना. पुढच्या पंधरवड्यात शेजारच्या काकीची तलंग (अजून अंडी न घालणारी तरुण कोंबडी) धरली. काकी गडग्यावरून ओरडली, "रे झिला, तुझ्या कुत्रीन माझी तलंग धरल्यान! वायच बांधून ठेव तिका!" तलंग जगली, पण शेपटीविना. भरपाई द्यायला गेलो तर काकीने पैसे घेतले नाहीत. ते पैसे घेतले असते तर बरं झालं असतं, कारण पुढचे दोन महिने मी त्या पाणंदीने जायचं टाळत होतो.

कुत्र्याच्या बाजूने हिशेब मांडा. थांबलं तर काय मिळतं? मालकाचं "शाब्बास". पुढे गेलं तर काय मिळतं? तोंडभर कोंबडी. गरम, पिसांची, फडफडणारी. जगातलं कुठलंही बिस्कीट या बक्षिसापुढे फिकं. जो पक्षी पकडला जाऊ शकतो तो कुत्र्याला पकडायलाच शिकवतो, मग तुम्ही दोरीला किती का हिसके द्या. दोरीचे हिसके मी सहा आठवडे दिले. फळ एकच मिळालं. दोरी दिसली की थांबायचं आणि दोरी नसली की धरायचं, एवढं ती शिकली. फार हुशार जात आहे.

आणि उलटही खरं. जो पक्षी कुत्र्याला मारतो तो कुत्र्याला पक्षीच सोडून द्यायला शिकवतो. ते माझ्या लॅब्रॅडॉरचं झालं, त्याकडे येतोच.

झडप घालणाऱ्या पिल्लाला असा पक्षी लागतो जो दर वेळी सुटतो आणि कोणाला न दुखवता सुटतो. अशा पक्ष्यांची यादी कोकणात फार लांब नाही. खरं तर एकच नाव आहे, कबुतर. तेही देवळाच्या कळसावरून किंवा स्टँडच्या पत्र्याखालून पकडलेलं नव्हे, कोणीतरी घरी वाढवलेलं, घरी परतणारं होमर.

कुडाळला माझा मावसभाऊ होमर पाळतो. त्याच्याकडे गेलो असताना झिप्री जाळीपुढे अर्धा तास पॉइंट धरून उभी राहिली. जाळी होती म्हणून थांबली असेल, असं मला वाटलं. त्याने एक कबुतर जमिनीवर सोडलं. झिप्री सरकली, कबुतर फट्कन उडालं, ती जागच्या जागी खाली बसली आणि वर बघत राहिली. दुसरं सोडलं. या वेळी तिने एक पाऊल टाकलं आणि स्वतःहून थांबली. दोन कबुतरांत जे झालं ते सहा आठवड्यांच्या दोरीने झालं नव्हतं. भावाने विचारलं, "दादा, तू कशावर शिकवत होतास?" मी गिरिराज म्हटल्यावर तो एवढा हसला की वहिनी चहा घेऊन बाहेर आली, बघायला.

परदेशात या कामाला बॉबव्हाइट जातीची बटेर, चकोर, फेझंट असे पक्षी वाढवतात, पण जुनेजाणते शिकवणारे सुरुवातीला कबुतरच घेतात, तेही याच कारणाने. पिंजऱ्यात वाढलेली बटेर बऱ्याचदा उडायला आळशी असते. ओली असेल तर उडतच नाही, पिल्लू तिला सहज धरतं आणि तिथून झडपेची खोड लागते. त्यांच्याकडे रिमोटने उघडणारी स्प्रिंगची पेटी असते, बटण दाबलं की कबुतर वर फेकलं जातं. मी ते डालगं आणि सुंभ यांच्यावर भागवतो. रहाटाची जुनी कप्पी काजूच्या फांदीला टांगली, डालग्याच्या डोक्याला सुंभ बांधून कप्पीवरून ओढून घेतला, दुसरं टोक माझ्या हातात, वीस-पंचवीस फुटांवर. डालग्यावर सुकं गवत टाकायचं, आत एक कबुतर. झिप्री पॉइंट धरून उभी आहे तोवर मी हलत नाही. तिने एक पाऊल टाकलं की सुंभ ओढायचा. डालगं वर, कबुतर आकाशात. तिच्या पावलाने कबुतर गेलं, माझ्या ओरडण्याने नाही. हा फरक कुत्र्याला आपल्यापेक्षा लवकर कळतो. लांब दोरी गळ्यात असतेच, पण ती पक्ष्याच्या सुरक्षेसाठी, ओढण्यासाठी नव्हे. डालगं वर जाताना अडकलं तर कुत्रं तिथपर्यंत पोचता कामा नये. एकदा अडकलं होतं, म्हणून सांगतो.

तिसऱ्या रविवारी ती पूर्ण मिनिटभर थांबली. पाचव्या रविवारी मी जाऊन तिच्या बाजूला उभा राहिलो तरी हलली नाही, फक्त ओठ थरथरत होते.

आता कबुतर कसं निवडायचं. यातच बहुतेक जण घसरतात, कारण विकणारा तुम्हाला जे देतो ते त्याला नको असलेलं असतं.

हातात घ्या. तळहातावर छाती, पाय दोन बोटांमध्ये, अंगठा पाठीवर. छातीच्या मधलं हाड चाचपा. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं असेल तर हाड जेमतेम लागतं, सुरीच्या धारेसारखं हाताला टोचलं तर तो पक्षी उपाशी किंवा आजारी आहे. तो उडेल, पण कमरेएवढा वर जाऊन खाली बसेल आणि तुमचं पिल्लू त्याला धरेल. पंख हलकेच उघडा आणि बाहेरची मोठी पिसं बघा. एक-दोन आखूड असतील, बुंध्याला निळसर नळी दिसत असेल तर तो पिसं टाकतोय, महिनाभर त्याला हात लावू नका. डोळा स्वच्छ, नाकावरचा पांढरा भाग कोरडा आणि चुन्यासारखा, शेपटीखाली घाण चिकटलेली नको. मान वाकडी करणारं किंवा दाणा टिपताना चोच भलतीकडे मारणारं कबुतर घरातच आणू नका, खुराड्यातल्या कोंबड्यांसाठी तर मुळीच नको. मानमोडी, म्हणजे राणीखेत, याच जातीच्या विषाणूने कबुतरांनाही होते. माझ्या कोंबड्यांना लस दिलेली असते, तरी कबुतरांची टोपली मी मांगरात ठेवतो, खुराड्याजवळ नाही. २०२१ च्या जानेवारीत बर्ड फ्लू आला तेव्हा दापोलीकडे कावळे मरून पडले होते. तेव्हापासून बाहेरून पक्षी आणताना मी जरा जास्तच किरकिर करतो. मेलेला किंवा सुस्त पक्षी कुत्र्याच्या तोंडाशी जाऊ द्यायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

पिल्लांवर असलेली जोडी मागू नका. कबुतराची अंडी सतरा-अठरा दिवसांत फुटतात आणि पहिला आठवडाभर नर-मादी दोघंही गळ्यातल्या पिशवीत तयार होणारं दूध पिल्लांना भरवतात. एकाला शिक्रा घेऊन गेला तर मागे दोन जीव अडकतात. भाऊ मला एकटे नर देतो, तेही वर्ष-दीड वर्षाचे, कुडाळ ते वेंगुर्ले वाट पाठ असलेले.

गिरेबाज (ही कबुतरांची दुसरी जात) चालत नाहीत. दिसायला देखणे, पण सोडले की वर जाऊन गोल गोल फिरत बसतात, आणि झिप्री मान मागे टाकून तासभर आकाशाकडे. धडा संपतच नाही. होमर सरळ घरची वाट धरतो. मी सुंभ ओढला की विसेक मिनिटांत भावाचा फोन येतो, "आलं रे." रविवारी मोटारसायकलवर टोपलीतून सहा कबुतरं आणायची, सकाळी सोडायची, जेवणाच्या वेळेआधी सगळी आपापल्या घरी. आठवड्याला सहाच मिळतात ही अडचण वाटायची. आता वाटतं, जास्त मिळाली असती तर मी पिल्लाला पार कंटाळवून टाकलं असतं. एक पक्षी एका दिवशी एकदाच. संध्याकाळी किंवा धुक्यात सोडायचं नाही, घरी पोचायच्या आत अंधार पडला तर ते कुठल्या तरी माडावर रात्र काढतं आणि सकाळी नसतं.

वाऱ्याबद्दल कोणीच सांगत नाही, म्हणून थोडं लांबण लावतो. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले आणि विसरलो. ते इथे कामाला येतात. रात्रभर जमीन निवते, त्यामुळे सकाळी वारा डोंगराकडून समुद्राकडे वाहतो. म्हणजे पक्षी पूर्वेला ठेवायचा आणि कुत्रं पश्चिमेकडून, समुद्राला पाठ करून आणायचं. दव असेल, गवत ओलसर असेल, तर झिप्रीला पंचवीस-तीस पावलांवरून वास लागतो. दहाच्या सुमारास वारा पडतो. त्या अर्ध्या-पाऊण तासात वास कुठेच जात नाही, डालग्याभोवती साचून राहतो. कुत्रं अगदी पाच पावलांवर येऊन अचानक दचकतं आणि दचकलं की झेप घेतं. ही झेप हट्टाची नसते. पुढे कोणी बसलंय हे त्याला उशिरा कळलं एवढंच. मग खारा वारा सुरू होतो, उलट दिशेने. ज्यांची पिल्लं सकाळी शहाणी आणि अकरा वाजता वेडी होतात, त्यांनी पक्षी बदलायच्या आधी दिशा बदलून बघावी. मी तर साडेनऊलाच गुंडाळतो, मार्चपासून साडेआठला. जिभेचं टोक रुंद झालेलं दिसलं की थांबायचं, आपल्याकडच्या दमट उन्हात कुत्रं बघता बघता तापतं.

लॅब्रॅडॉरचं राहिलं. तो साडेचार महिन्यांचा असताना खळ्यात पिलांना घेऊन फिरणाऱ्या कोंबडीजवळ वास घ्यायला गेला. मी पडवीत बसून बघत होतो, मला गंमत वाटली. कोंबडी उसळून तोंडावर आली, डोळ्याच्या वर नखाने खरचटलं. जखम आठ दिवसांत भरली. त्यानंतर वर्षभर त्याला कुठलाही पक्षी दाखवला की तो मान वळवायचा आणि जमिनीवर काहीतरी फार महत्त्वाचं पडलंय असं हुंगत बसायचा. वास येत नाही, नाक अधू आहे, असंच मी समजून चाललो. नाक ठणठणीत होतं. तो पक्षी बघायचंच टाळत होता. तुमचं पिल्लू वास लागल्यावर बाजूने वळसा घालून जात असेल, तर ते सुस्त नाही, भ्यालंय. पिलवाली कोंबडी, खुडूक कोंबडी आणि काटा फुटलेला कोंबडा या तिघांपासून पिल्लाला आठ-नऊ महिन्यांपर्यंत लांबच ठेवा. भ्यायलेल्याचा उपाय सावकाश आहे. महिनाभर पक्षी बंद. मग पन्नास पावलांवर झाकलेलं कबुतर, कुत्र्याने स्वतःहून तिकडे बघितलं की आपण काहीही न बोलता घरी यायचं. बोललात तर ते तुमच्याकडे बघतं, आणि तुमच्याकडे बघायला लागलं की पक्षी पुन्हा गेला. माझा लॅब अर्धाच सुधारला. समुद्रावर टाकलेला नारळ मात्र न चुकता आणायचा.

कॉकरची खोड वेगळी, तो धरलेलं चावायचा. त्याला मी मेलेलं ब्रॉयलर दिलं होतं, साफ न केलेलं, आणि चिकन म्हणजे चिकनच, त्याने खाल्लं. त्याला दोष देणार कसा. उचलून आणायला शिकवायचं असेल तर गोणपाटाच्या गुंडाळीवर कबुतराची गळलेली पिसं बांधून द्या, मांस देऊ नका.

आणखी एक फसगत. झिप्री एका काळात फारच हुशार झाली होती, सोडल्या सोडल्या थेट डालग्यापाशी. मी खूश. नंतर कळलं की ती कबुतराच्या नव्हे, माझ्या पावलांच्या वासावर जात होती. मी दर वेळी मांगरापासून काजूपर्यंत सरळ चालत जाऊन पक्षी ठेवायचो आणि त्याच वाटेने परत यायचो. आता तीन डालगी वेगवेगळ्या ठिकाणी पालथी घालतो, दोन रिकामी, आणि तिन्हींपाशी फिरून येतो. रिकाम्या डालग्यापुढे पॉइंट धरलान की मी काहीच करत नाही, नुसता उभा राहतो. ती मिनिटाभरात ओशाळून पुढे जाते. ओशाळलेला पॉइंटर बघण्यासारखा असतो.

पांढरं कबुतर घेऊ नका, हे सांगायचं राहत होतं. आमची जमीन तांबडी, गवत उन्हाळ्यात पिवळं. कुत्र्याला तांबडा आणि हिरवा नीट वेगळे करता येत नाहीत, पण पांढरा ठिपका लांबूनही दिसतो. मग पिल्लू नाक सोडून डोळ्यांनी शोधायला लागतं, आणि दिसलेल्या पक्ष्यावर झेप घ्यायचा मोह वासापेक्षा दसपट असतो. राखाडी पट्ट्याचे, साधे, कोणी फोटो काढणार नाही असे पक्षी उत्तम. मुधोळ, कारवान अशी देशी हाउंड पाळणाऱ्यांना मात्र यातलं फारसं लागू नाही. ती कुत्री मुळात डोळ्यांवर धावणारी, त्यांना पॉइंट शिकवणं म्हणजे म्हशीला नाच शिकवणं.

कायद्याचं थोडक्यात पण नीट सांगतो, कारण गावात अजून "सड्यावर (कातळाच्या माळावर) जाऊन तित्तरावर सोड की पिल्लू, आपोआप शिकेल" असं म्हणणारे आहेत. आजोबांच्या काळात ठासणीची बंदूक घरात असायची आणि भात कापून झालं की कोपऱ्यांतून लावे उठवायचे, त्या गोष्टी ऐकायला बऱ्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार या शब्दात पकडणं, फास लावणं, हाकारून पळवणं, आमिष लावणं हे सगळं येतं. तित्तर, लावा, रानकोंबडा, पाणकोंबडी, होला, यांतलं काहीही पकडून आणून डालग्याखाली ठेवणं नाही, आणि त्यांच्यामागे कुत्रं सोडणंही नाही. विकत मिळतंय म्हणून रानातला पक्षी घेणं तर नाहीच. पाळीव पक्ष्यालाही बांधून कुत्र्यापुढे टाकायचं नाही, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात करमणुकीसाठी एक जनावर दुसऱ्याचं भक्ष्य म्हणून अडकवणं हा गुन्हा आहे. पंख कापणं, पायाला दोरी बांधणं, कबुतराला गरगरा फिरवून गवतात झोपवणं, हे व्हिडिओत दिसणारे प्रकार मी करत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी त्यांनी काम बिघडतंच, कारण तसा पक्षी सुटू शकत नाही आणि आपण पुन्हा गिरिराजवर येऊन पोचतो.

आणि सड्यावर तर फेब्रुवारी-मार्चपासून जूनपर्यंत कुत्रं मोकळं नेऊच नका. टिटवी आणि चंडोल उघड्या जमिनीवर अंडी घालतात, टिटवीची चार अंडी खड्यांत खडे होऊन पडलेली असतात, तुमचा पाय पडला तरी कळणार नाही. टिटवी डोक्यावर किंचाळायला लागली की आल्या वाटेने मागे फिरायचं.

कबुतरावर थांबणारं पिल्लू कोंबडीवर थांबेलच असं नाही. मध्ये एक पायरी लागते. त्यासाठी हलकी, चपळ, झाडावर रात्र काढणारी गावठी तलंग घ्या, डालग्याखालीच, आणि डालगं उचलायचं नाही. पिल्लू थांबलं, तुम्ही जाऊन गळपट्टा धरला, परत फिरलात. एवढंच, आठवड्यातून दोनदा. झिप्रीला याला अडीच महिने लागले. मोकळ्या कोंबड्यांत दोरीशिवाय सोडली ती गेल्या महिन्यात, तेही तिचं पोट भरलेलं असताना. बदकांपाशी अजून सोडत नाही. बदकं घाबरली की गोळा होऊन एकदम धावतात आणि धावणारा घोळका बघून तिचं सगळं शिक्षण गळून पडतं. त्यावर माझ्याकडे अजून उपाय नाही.

परवा तिन्हीसांजेला काकीने हाक मारली. नव्याने अंडी घालायला लागलेली तिची एक कोंबडी दोन दिवस दिसत नव्हती. ती तीच, बिनशेपटीची, आता शेपूट पुन्हा आलेली. मी झिप्रीला दोरीवर घेऊन गेलो, काकी हातात काठी घेऊन मागे. काठी कोंबडीसाठी नव्हती. वारा पडायला आला होता, दोनदा काहीच लागलं नाही. तिसऱ्या फेरीत, गडग्याच्या ढासळलेल्या कोपऱ्यापाशी, करवंदीच्या जाळीपासून आठ-दहा पावलांवर झिप्री थांबली. पाय वर, नाक खाली, शेपटीचं टोकही हलेना. काकीने वाकून जाळीत बॅटरी मारली. आत दोन डोळे चमकले आणि कोंबडी कुरकुरली. नऊ अंडी होती. काकीने कोंबडी काखेत मारली, अंडी ओच्यात घेतली, झिप्री अजून जागची हलली नव्हती.

"हलना नाय ती?" काकीने विचारलं.

"मी गेल्याशिवाय नाही हलणार."

"मगे जा बेगीन, रात झाली," काकी म्हणाली, आणि काठी गडग्याला टेकवून ठेवलीन.